मागे वाजत राहणारं ॲप

हा भाग ऐकताना तुमच्यातले निम्मे जण एकीकडे व्हॉट्सॲप बघत असणार. बघा, खुशाल बघा. आजचा विषय तोच आहे. एक ॲप वाजतंय आणि दुसरं समोर उघडं आहे, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यावरून कधीकाळी वाद झाले होते, हे सांगूनही पटत नाही. २००९ साली आयफोनवर बाहेरच्या कंपनीचं रेडिओ ॲप लावून तुम्ही मेसेज वाचायला गेलात, की गाणं तिथंच बंद. ॲपलचं स्वतःचं आयपॉड ॲप मात्र मागे आरामात वाजत राहायचं. म्हणजे फोनला जमत नव्हतं असं नाही. इतरांना परवानगी नव्हती.

ही परवानगीची भानगड समजायला थोडं मागे जाऊ. १९९६ साली पाम पायलट आला. फोन नव्हे, खिशात मावणारी डायरी म्हणा. जेफ हॉकिन्स यांनी तो बनवण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पहिल्या मॉडेलची मेमरी होती १२८ केबी. सकाळी सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता बहुधा! एका वेळी एकच ॲप चालायचं. पण वापरणाऱ्याला ते जाणवायचंच नाही. तुम्ही कॅलेंडरमधून पत्त्यांकडे गेलात, की कॅलेंडर आपण कुठे होतो ते नोंदवून बंद व्हायचं. परत आलात की तिथूनच पुढे. पुस्तकात खूण घालून ते मिटून ठेवावं, तसं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच काळात युरोपात उलटा विचार चालला होता: संगणकासारखं सगळं एकदम चालू ठेवायचं. ब्रिटनमधल्या सायऑन कंपनीच्या छोट्या संगणकांवरची प्रणाली पुढे सिंबियन झाली आणि नोकियाच्या फोनमध्ये शिरली. २००२ चा नोकिया ७६५० आठवतोय कुणाला? घरातल्या मोठ्यांना विचारा. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू ॲप्सची यादी यायची. भारीच वाटायचं. पण २००७ च्या एन९५ पर्यंत त्याची किंमत दिसायला लागली. मेमरी ६४ एमबी, वर कॅमेरा, गाणी, ब्राउझर, नकाशे. मग फोनच तुम्हाला सांगायचा: मेमरी भरली, काही ॲप्स बंद करा. विंडोज मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी. कोपऱ्यातली फुली दाबली तरी ॲप बंद व्हायचं नाही, नुसतं लपायचं!

जून २००८ मध्ये ॲपलच्या स्कॉट फॉरस्टॉल यांनी मंचावरून विंडोज मोबाइलच्या टास्क मॅनेजरची थट्टा केली, ती यावरूनच. त्यांचा पर्याय असा: ॲप बंदच राहू दे, काही घडलं की ॲपलचा सर्व्हर फोनला कळवेल. हेच ते पुश नोटिफिकेशन. सप्टेंबरचा वायदा होता, प्रत्यक्षात आलं जून २००९ मध्ये. आणि नोटिफिकेशनने मेसेज आल्याचं कळतं, पण गाणं थोडंच वाजतं?

दरम्यान अँड्रॉइडने मधला रस्ता धरला. ॲपला मागे काम करता येईल, पण मेमरी कमी पडली की सिस्टिम त्याला न विचारता बंद करेल. म्हणून ॲपने आपली खूण आधीच घालून ठेवायची. पामचीच युक्ती, नवे कपडे घालून! गंमत म्हणजे खुद्द पाम २००९ मध्ये ‘प्री’ नावाचा फोन घेऊन आली, त्यात चालू ॲप्स पत्त्यांसारखी मांडलेली असायची आणि नको ते वर भिरकावून द्यायचं. आज आपण अंगठ्याने हेच करतो. फक्त प्रीवर फार ॲप्स उघडली, की ‘पत्ते जास्त झाले’ म्हणून फोन हात वर करायचा.

एप्रिल २०१० मध्ये ॲपल नमली, पण आपल्या अटींवर. सगळी ॲप्स चालू ठेवण्याऐवजी त्यांनी कामांची यादी काढली. मागे आवाज चालेल, इंटरनेटवरचा कॉल चालेल, रस्ता दाखवणं चालेल, सुरू केलेलं अपलोड पूर्ण होईल. बाकी ॲप जिथल्या तिथे गोठेल. स्टीव्ह जॉब्स यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला टास्क मॅनेजर दिसला तर बनवणाऱ्यांचंच चुकलं. जुन्या आयफोन ३जी वाल्यांना मात्र ही सोय मिळालीच नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्या यादीने सोडवला. फोनला दहा ॲप्स एकदम चालायला नको असतात. चार-पाच कामं न थांबता हवी असतात आणि बाकीच्या ठिकाणी खूण हवी असते. म्हणूनच बॅटरी वाचवायला दर तासाला सगळी ॲप्स वर सरकवून टाकणाऱ्यांना सांगतो, त्यातली बरीचशी आधीच गोठलेली असतात. उलट दर वेळी नव्याने उघडण्यातच बॅटरी जाते. ॲपल वापरणाऱ्या एकाने २०१६ मध्ये ईमेलवर हेच विचारलं, तेव्हा कंपनीच्या क्रेग फेडरिगी यांनी असं करण्याची गरज नाही, असंच कळवलं होतं.

पण यादी आली की ती कोण बनवतं, हा प्रश्नही आला. काही अँड्रॉइड कंपन्या बॅटरी जास्त टिकते हे दाखवायच्या नादात मागची ॲप्स इतकी सपासप मारतात, की गजर किंवा औषधाची आठवण करून देणारं ॲपही त्यात जातं. आजी-आजोबांच्या फोनवर असं ॲप असेल, तर हा नुसता गैरसोयीचा मामला नाही. आणि ज्या ‘मागे वाजणाऱ्या आवाजा’साठी एवढा वाद झाला, तोच आता विकला जातो. मार्च २०१९ पासून भारतातही यूट्यूब प्रीमियम आहे, आणि फोनवर व्हिडिओचा आवाज स्क्रीन बंद करून ऐकायचा तर त्याचे पैसे भरा. फोनला हे २०१० पासून येतंय बरं का!

आमचा भाग मात्र स्क्रीन बंद करूनही चालतो, फुकट. मध्येच थांबला, तर सेटिंग्जमध्ये या ॲपच्या बॅटरीवर निर्बंध घातलेत का तेवढं बघा, आणि घरच्यांच्या औषधाच्या ॲपचंही तेव्हाच बघून टाका. भेटू पुढच्या भागात.