भाऊबंदकी दोन फोनांची

लिनक्स कर्नलच्या मूळ संहितेत ‘बाइंडर डॉट एच’ नावाची एक छोटी फाइल आहे. अँड्रॉइड फोन तिच्याशिवाय चालत नाही. फाइलच्या माथ्यावर गूगलची २००८ सालची हक्कनोंद आहे. तिच्याच खाली, हे काम मूळच्या ओपनबाइंडरवर बेतलेले आहे आणि त्या मुळाचे हक्क २००५ सालच्या पामसोर्स कंपनीचे आहेत, असेही लिहिलेले आहे.

ती नोंद वाचून मी चक्रावलो. पाम म्हणजे १९९६ साली खिशात मावणारा ‘पायलट’ आणणारी कंपनी. तिच्या यंत्रावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, दुसरा उघडला की पहिला बंद. ‘आमच्यावर सगळी अ‍ॅप एकदम चालतात’ असे अँड्रॉइडवाले वर्षानुवर्षे आयफोनवाल्यांना ऐकवत आले. त्या अँड्रॉइडच्या पायाशी पामचे नाव कसे आले? त्या एका नोंदीमागे लागलो आणि दोन्ही फोनांची कुळे एकाच दारात जाऊन पोहोचली. ते दार अ‍ॅपलचे आणि साल पुन्हा १९९६.

अ‍ॅपलची तेव्हाची मॅक प्रणाली थकली होती. तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमने आपली पाळी आपणहून सोडायची असे. एखादा अडून बसला की सगळे यंत्र गोठे. यावर उतारा म्हणून ‘कोपलंड’ नावाची नवी प्रणाली चालली होती. ती ऑगस्ट १९९६ मध्ये गुंडाळावी लागली आणि अ‍ॅपल बाहेर प्रणाली शोधू लागली. दारात दोघे उभे राहिले, आणि दोघेही त्याच घरातून बाहेर पडलेले. एक स्टीव्ह जॉब्ज, ‘नेक्स्ट’ घेऊन. दुसरे ज्याँ-लुई गासे, ‘बी’ कंपनीची बीओएस घेऊन. बीओएस पहिल्यापासूनच अनेक कामे एकदम करण्यासाठी बांधलेली होती. साध्या यंत्रावर अनेक व्हिडिओ एकाच वेळी न अडखळता चालवून दाखवणे हे तिचे गाजलेले प्रात्यक्षिक. पण गासे यांच्याशी किमतीचे जमले नाही. २० डिसेंबर १९९६ रोजी अ‍ॅपलने नेक्स्ट घेत असल्याचे जाहीर केले. व्यवहार ४० कोटी डॉलरच्या वर गेला. नेक्स्टमधून मॅक ओएस टेन आणि तिच्यातून आयफोनची प्रणाली निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

नाकारलेल्या ‘बी’चे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. २००१ मध्ये पामने ती अवघ्या १ कोटी १० लाख डॉलरना घेतली. तिचे अभियंते पामच्या सॉफ्टवेअर शाखेत, म्हणजे पुढच्या पामसोर्समध्ये आले आणि ‘बी’मध्ये सुरू झालेले बाइंडर सोबत घेऊन आले. त्यावर त्यांनी ‘कोबाल्ट’ ही खरोखरीची बहुकामी पाम प्रणाली उभी केली. ती एकाही विकल्या गेलेल्या उपकरणात पोहोचली नाही. मग त्यांतली काही मंडळी अँड्रॉइडकडे गेली. अँड्रॉइडची बहुकामी व्यवस्था घडवणाऱ्या डायॅन हॅकबॉर्न ‘बी’ आणि पामसोर्स या दोन्ही ठिकाणी काम करून आलेल्या होत्या.

बाइंडर करते काय? फोनवर खरा प्रश्न सगळी अ‍ॅप चालू ठेवण्याचा नसतोच, कोणते केव्हा मारायचे हा असतो. पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी मेमरी होती, पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये १९२. संगणकासारखा जादाचा पसारा डिस्कवर टाकायची सोयही नव्हती. अँड्रॉइडने ठरवले की मागे गेलेल्या अ‍ॅपने आपली स्थिती लिहून ठेवावी, जागा कमी पडली की ते खुशाल मारावे आणि परत बोलावले की लिहिलेल्यावरून पुन्हा उभे करावे. पण मारण्याआधी कोण कोणावर अवलंबून आहे ते कळायला हवे. समोरचे अ‍ॅप मागच्या एखाद्या सेवेकडून काम करून घेत असेल तर ती सेवा वाचवली पाहिजे. वेगवेगळ्या प्रोसेसमधला हा सगळा व्यवहार बाइंडरमधून जातो, म्हणून प्रणालीला ही नाती ठाऊक असतात. एखादी प्रोसेस मेलीच तर तिच्यावर विसंबलेल्यांना वर्दीही बाइंडरच देते.

अँड्रॉइडचे मल्टिटास्किंग ‘बी’ आणि पामकडून आले, या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो लिनक्सचा. लिनक्स पहिल्यापासून बहुकामी आहे, मग पामची उसनवारी कशाला? लिनक्स पाळ्या वाटते हे खरे. पण वापरणाऱ्याच्या नजरेसमोर कोणते अ‍ॅप आहे हे त्याला ठाऊक नसते. कोणाला आधी मारायचे तो क्रम वरचा अँड्रॉइडच त्याला कळवतो.

दुसरा आक्षेप सिम्बियनचा, आणि तो वजनदार आहे. मेनूची कळ दाबून धरली की चालू अ‍ॅपची यादी दाखवणारे नोकियाचे सिम्बियनवाले फोन आपल्यापैकी कित्येकांनी वापरले आहेत. सायन कंपनीच्या छोट्या संगणकांतून आलेली ही प्रणाली आयफोनच्या कितीतरी आधी खरे मल्टिटास्किंग करत होती. पहिल्या अँड्रॉइडवर होमची कळ दाबून धरली की अलीकडची सहा अ‍ॅप दिसत. ती खूण नोकियाकडून उचलली असावी, एवढे मी मान्य करतो. पण आधी असणे म्हणजे पूर्वज असणे नव्हे. अँड्रॉइडच्या आतल्या भागांची नावे पाहा: लूपर, हँडलर, मेसेज. बीओएसमध्ये हेच तीन भाग बीलूपर, बीहँडलर, बीमेसेज या नावांनी होते. कामेही तीच. पामच्या बाइंडरची संहिता गूगलने नव्याने लिहिली, म्हणून नाते तुटले असे कोणी म्हणेल, पण ही नावे आणि ती हक्कनोंद माझ्या बाजूने साक्ष देतात.

गंमत अशी की अँड्रॉइडचा दर्शनी भागही पामच्याच घरचा आहे. सॉफ्टवेअर शाखेपासून वेगळ्या झालेल्या यंत्रवाल्या पामने जानेवारी २००९ मध्ये वेबओएस दाखवली. प्रत्येक चालू अ‍ॅप एक जिवंत पत्ता, बोटाने वर भिरकावला की बंद. तिचे रचनाकार मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलकडे गेले आणि अँड्रॉइड ४.० मध्ये अ‍ॅपची चित्रे बोटाने बाजूला सारता येऊ लागली. आयफोनने २०१३ मध्ये आयओएस ७ मधून पत्ते वर भिरकावण्याची रीत जशीच्या तशी घेतली. ही कल्पना मुळात आयफोनच्याच २००७ च्या सफारीतली, जिथे उघडी पाने शेजारी शेजारी सरकत, असे अ‍ॅपलचे चाहते म्हणतात. पामचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष जॉन रुबिन्स्टाइन अ‍ॅपलमधूनच आलेले होते, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण सफारीत ती एकाच अ‍ॅपमधली पाने होती आणि बंद करायला फुलीवर बोट टेकवावे लागे. वर भिरकावण्याचे श्रेय मी पामलाच देतो.

आयफोन मल्टिटास्किंगमध्ये मागे होता ही समजूतही तपासून घ्यावी. नेक्स्टकडून आलेले त्याचे कर्नल पहिल्या दिवसापासून बहुकामी होते. गाणी मागे चालू ठेवून मेल वाचता येत असे. दार बंद होते ते बाहेरच्या अ‍ॅपना. जून २०१० मध्ये आयओएस ४ ने ते उघडले तेही मोजक्या सात सेवांपुरते: गाणी, इंटरनेट फोन, ठावठिकाणा वगैरे. अँड्रॉइडने सर्वांना मोकळीक दिली आणि बॅटरी झपाट्याने उतरू लागली. २०१५ पासून, अँड्रॉइड ६ च्या ‘डोझ’पासून, त्यालाही ती मोकळीक आवरती घ्यावी लागली. या एका मुद्द्यावर नेक्स्टचे घराणे बरोबर ठरले, असे माझे मत आहे.

गासे यांचा सौदा जमला असता तर आयफोनच्या पोटात आज बीओएसचे कर्नल असते आणि अँड्रॉइडला बाइंडर मिळाले नसते, असे मला वाटते. बीओएसच्या चाहत्यांनी तिच्या धर्तीवर ‘हायकू’ नावाची मुक्त प्रणाली २००१ पासून बांधायला घेतली आहे. ती फुकट उतरवून घेता येते आणि पेन ड्राइव्हवरून जुन्या लॅपटॉपवरही चालते. एकदा चालवून पाहा.