फिडलर नामशेष झाले, त्यानंतर

१९७१ मध्ये कॅनडाच्या सीबीसी या सरकारी वाहिनीने रॉन मॅकिनिस यांचा एक माहितीपट दाखवला. 'द व्हॅनिशिंग केप ब्रेटन फिडलर', म्हणजे नामशेष होत चाललेला केप ब्रेटनचा फिडलर. म्हाताऱ्या वादकांनंतर फिडल हातात घेणारं कुणी दिसत नाही, पोरं रॉक ऐकतात, ही कला आता थोड्या दिवसांची सोबती, असा एकूण सूर. त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ साली, त्याच बेटावरच्या क्रेग्निश या गावात ॲशली मॅकायझॅक जन्मला. विशीत त्याने फिडलला डिस्टॉर्शन लावलेली गिटार आणि ड्रम मशीन जोडली आणि जवळजवळ अख्ख्या कॅनडाला ती ऐकायला लावली.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. संगीताचं शिक्षण शून्य. कोड लिहिताना कानाला काहीतरी लागतं, त्यातून ही फिडल कानावर पडली आणि मग वर्ष-दीड वर्ष तिच्या इतिहासात अडकलो. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य एकच, मैफल बदलली की नाव बदलतं. आपल्याकडे तेच वाद्य मांडी घालून, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. तिकडे खुर्चीत बसून, दोन्ही पायांनी जमिनीवर ताल धरत.

केप ब्रेटन हे कॅनडाच्या पूर्व टोकाचं, नोव्हा स्कोशिया प्रांतातलं बेट. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या हायलँड्समधून आणि पश्चिमेच्या बेटांवरून हजारो कुळं इथे आली. काही स्वतःहून आली, बरीचशी आणली गेली. जमीनदारांना मेंढ्या पाळणं जास्त फायद्याचं वाटू लागलं तेव्हा माणसं हटवली गेली. त्यांची भाषा गेलिक. बरोबर सामान फारसं नव्हतं, सूर मात्र भरपूर होते. शिवाय हे बेट १९५५ पर्यंत खरोखरच बेट होतं. त्या वर्षी कॅन्सोचा भराव-रस्ता झाला आणि पहिल्यांदा मोटार थेट आत आली. तोवर गावं एकमेकांत मिसळून आणि जगापासून थोडी लांब राहिली. लांब राहिलेल्या ठिकाणी जुन्या गोष्टी टिकतात, हे सिंधुदुर्गातला दशावतार पाहिलेल्याला समजावून सांगायला नको.

हे संगीत मुळात नाचासाठी आहे. 'रील' म्हणजे वेगवान, सलग धावणारी धून (इन्स्टाग्रामवाल्यांनी हा शब्द पळवायच्या कितीतरी आधीपासून). 'स्ट्रॅथस्पे' त्याहून संथ, आणि तिच्यात एक खास झटका असतो: आधी आखूड सूर, मग लांब. ठेच लागून सावरल्यासारखा. कानाला तो एकदा कळला की विसरत नाही. फिडलर स्ट्रॅथस्पेतून रीलमध्ये घुसतो तेव्हा खोलीतला वेग एका क्षणात बदलतो, आणि नाचणारा उठतोच. स्टेप डान्समध्ये हात जवळजवळ स्थिर असतात आणि पाय जमिनीलगत काम करतात. उंच उड्या मारणाऱ्याला तिथे फार किंमत नाही. ॲशलीच्या १९९२ च्या अल्बमचं नावच 'क्लोज टू द फ्लोअर' आहे. जमिनीलगत.

आता प्रश्न असा, की जे नामशेष होणार म्हणून रडारड झाली, ते 'शुद्ध' होतं का? मला तरी तसं वाटत नाही. फिडलच्या साथीला आज जो पियानो अनिवार्य मानतात, तो स्कॉटलंडहून बोटीत आलेला नाही. आधी घरातला हार्मोनिअमसारखा ऑर्गन आला, मग पियानो, आणि विसाव्या शतकात त्याच्या साथीत अमेरिकन स्विंगची उडी शिरली. बेटावरच्या सर्वांत प्रभावी वादकांपैकी एक म्हणजे विन्स्टन 'स्कॉटी' फिट्झजेराल्ड. टोपणनाव स्कॉटी, आडनाव आयरिश. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांवरच्या त्याच्या स्वच्छ, नेमक्या वादनाने पुढच्या पिढीचा हातच बदलला. दुसरे ली क्रेमो, एस्कासोनीचे. हे तर मिकमॉ, म्हणजे गोरे यायच्या आधीपासून ज्यांची ती भूमी होती त्या लोकांपैकी. आणि 'कानावरून कानावर' वगैरे आपण जे रोमँटिक चित्र रंगवतो, त्यालाही छेद आहे. यातले अनेक फिडलर नोटेशन वाचत, आणि 'स्काय कलेक्शन' (१८८७) सारखी छापील पुस्तकं पदरी बाळगून असत. शुद्धता ही बहुधा मागे वळून बघणाऱ्यालाच दिसते.

फिडलचे शत्रूही बाहेरचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात काही पाद्र्यांना नाच आणि दारू यांचं मूळ फिडलमध्ये दिसलं, आणि फिडली जप्त केल्याच्या कहाण्या बेटावर अजून सांगतात. गंमत म्हणजे माहितीपटानंतर जी मंडळी चिडून उठली, त्यांच्या पुढाऱ्यांत एक पाद्रीच होते, ग्लेनडेलचे फादर जॉन अँगस रँकिन. जुलै १९७३ मध्ये ग्लेनडेलला फिडलरांचा मेळा भरला आणि शंभराहून अधिक फिडलर एकत्र व्यासपीठावर चढून वाजवते झाले. नामशेष झालेल्यांच्या मानाने गर्दी बरीच होती! आमच्याकडे सर्व्हर पडणार म्हणून अलर्ट वाजतो, रात्रपाळीची माणसं उठून कामाला लागतात, आणि सर्व्हर पडतच नाही. मग सकाळी कुणीतरी विचारतं, अलर्ट खोटा होता का? मॅकिनिस यांच्या माहितीपटाबद्दल बेटावर हाच वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. माझं मत: अलर्ट खरा होता, म्हणून तर तो खोटा ठरला.

पण मेळ्याने पोरं तयार होत नाहीत. त्यासाठी आठवड्यामागून आठवडे बेसूर गज सहन करणारा शिक्षक लागतो. तो स्टॅन चॅपमन यांच्या रूपाने मिळाला. क्रेग्निशच्या परिसरात त्यांनी मुलांचे वर्ग घेतले, आणि त्या वर्गांतून नॅटली मॅकमास्टर, वेंडी मॅकायझॅक आणि ॲशली बाहेर पडले. ॲशली डावरा. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी तारा लावलेली फिडल तो तशीच उलटी धरून, डाव्या हातात गज घेऊन वाजवतो. तारांचा क्रमच उलटा. दुसरा एखादा मास्तर असता तर त्याने आधी हात बदलायला लावला असता.

पुढची उडी अगदीच अनपेक्षित आहे. न्यूयॉर्कचे काही कलावंत उन्हाळ्यात केप ब्रेटनला राहायला येत. त्यांत संगीतकार फिलिप ग्लास (हे तेच, ज्यांनी १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकरांच्या संगीताचं नोटेशन करता करता स्वतःची लयीची समज उलटीपालटी करून घेतली) आणि दिग्दर्शिका जोॲन अकलाइटिस. त्यांनी ॲशलीला हेरलं आणि १९९२ मध्ये 'वॉयझेक' या नाटकासाठी न्यूयॉर्कला नेलं. गावच्या हॉलमध्ये नाचाला साथ करणारा सतरा वर्षांचा मुलगा एकदम मॅनहॅटनमध्ये. तिथे त्याच्या कानावर काय काय पडलं असेल, त्याचा हिशेब १९९५ च्या 'हाय, हाउ आर यू टुडे?' या अल्बममध्ये लागतो. रॉक, पंक, नाचघरातले ठेके, आणि या सगळ्याच्या मधोमध तीच स्ट्रॅथस्पे, तीच रील. १९९६ मध्ये त्याला कॅनडाचे जुनो पुरस्कार मिळाले.

त्यातलं 'स्लीपी मॅगी' सर्वांत गाजलं. मूळ एक जुनी स्कॉटिश रील. ॲशलीने खाली आधुनिक ठेका घातला आणि मेरी जेन लॅमंडला गेलिकमध्ये गायला बोलावलं. तिचा आवाज कुजबुजल्यासारखा येतो, कुणाला पटवायची घाई नसल्यासारखा, आणि मग फिडल सुटते. ज्या भाषेत बोललं म्हणून शाळेत एकेकाळी पोरांना मार बसत असे, ती भाषा व्यावसायिक रेडिओवर, जाहिरातींच्या मधल्या जागेत वाजत होती.

इथे माझा उत्साह थोडा अडखळतो. गाणं गाजलं म्हणून भाषा वाचली का? नाही. केप ब्रेटनमध्ये गेलिक मातृभाषा म्हणून बोलणारे कमी होत गेले ते गेलेच. 'स्लीपी मॅगी' गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, मलाही कळत नाही. लॅमंड स्वतः ओंटॅरिओत जन्मलेली, आजी-आजोबांच्या बेटावर येऊन म्हाताऱ्या गायकांकडून गेलिक गाणी शिकलेली. तिने पुढेही तेच काम चिकाटीने चालू ठेवलं. माझ्या लेखी या कथेतली जास्त अवघड कामगिरी तिची आहे. फिडलला शब्द लागत नाहीत, म्हणून ती कुठल्याही ठेक्यावर स्वार होऊ शकते. भाषेला तशी सोय नाही. तिला घर लागतं.

दुसरी शंका लयीची. ड्रम मशीनचा ठोका कुणासाठी थांबत नाही. नाचाचा फिडलर मात्र समोरच्या पायांकडे बघून वाजवतो, किंचित ओढतो, किंचित सोडतो. बडी मॅकमास्टर हे त्यातले उस्ताद. आयुष्यभर रेल्वे स्टेशनवर नोकरी, रात्री गावोगावच्या हॉलमध्ये फिडल. स्वतःचा पहिला अल्बम १९८९ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या आसपास. पुढे त्यांना स्कॉटलंडच्या स्काय बेटावर शिकवायला बोलावलं गेलं. तिथल्या वादकांना आपल्याच पूर्वजांची नाचाची लय समजून घ्यायला एका निवृत्त कॅनडियन स्टेशनमास्तरची गरज पडली.

ॲशलीला हा फरक कळत नव्हता असं समजायचं कारण नाही. त्याच्यावर टीका झाली, वाद झाले, नंतरच्या काळात पैशाची ओढाताणही झाली. त्यावर वर्तमानपत्रांनी पुरेसं लिहिलंय. मला त्याहून लक्षणीय वाटतो १९९६ चा अल्बम. यशाच्या ऐन लाटेवर रेकॉर्ड कंपनीला काय हवं असणार हे उघड आहे. त्याने काढला तो पारंपरिक धुनांचा अल्बम, क्रेग्निशच्या हॉलमध्ये कुणीही उठून नाचू शकेल असा. आदल्या वर्षीच्या अल्बमच्या नावात विचारलं होतं, काय, कसं काय आज? याचं नाव होतं, 'फाइन, थँक यू व्हेरी मच'.