वारा आला की सूर हलतो: १९२९ सालचे रेडिओ ट्रान्समीटर लोक आजही का बांधतात?

दर डिसेंबरमध्ये अमेरिकेतले काही 'हॅम' म्हणजेच हौशी रेडिओचालक एक विचित्र आवाज हवेत सोडतात. मोर्स कोडची ती शिट्टी सरळ नसते. ती किंचित घसरते, थरथरते, कधी पाखरासारखी चिवचिवते. आजच्या रेडिओत याला बिघाड म्हणतील. इथे मात्र हाच आवाज ऐकायला लोक रात्री जागतात.

या उपक्रमाचं नाव 'ब्रूस केली १९२९ क्यूएसओ पार्टी'. क्यूएसओ म्हणजे दोन रेडिओ केंद्रांमधला संपर्क. 'अँटिक वायरलेस असोसिएशन' ही संस्था तो भरवते. मुख्य अट अशी की ट्रान्समीटरची रचना १९२९ किंवा त्याआधीची हवी आणि त्यातले व्हॉल्व्हही त्याच काळातल्या प्रकारांचे हवेत.

१९२९ हेच साल का?

त्याआधी हौशी मंडळींना शॉर्टवेव्हवर बरीच मोकळीक होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतले फ्रेड श्नेल आणि जॉन रेनार्ट्झ यांनी फ्रान्सच्या लिऑन डेलॉय यांच्याशी अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला. लहान लहरींवर कमी शक्तीतही दूरवर पोहोचता येतं हे जगाला कळलं. मग या लहरींवर सगळ्यांनाच जागा हवी झाली.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींच्या प्रतिनिधींनी लहरींची वाटणी केली. ती १ जानेवारी १९२९ पासून लागू झाली. हौशी लोकांच्या वाट्याला ठरावीक, अरुंद पट्टे आले. आता फ्रिक्वेन्सी जरा घसरली तरी पट्ट्याबाहेर जायची भीती होती. त्यामुळे क्वार्ट्झ क्रिस्टलने स्थिर ठेवलेले, जास्त टप्प्यांचे ट्रान्समीटर रुळत गेले आणि साधी जुनी यंत्रं मागे पडली. ही पार्टी त्याच साध्या यंत्रांसाठी आहे.

यंत्र असतं तरी कसं?

यातली एक लोकप्रिय रचना म्हणजे 'हार्टली ऑसिलेटर'. त्यात एक व्हॉल्व्ह, तांब्याच्या नळीची जाड कॉइल, एक-दोन कपॅसिटर आणि मोर्सची की एवढंच सामान असतं. सगळं एका लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेलं असतं. पूर्वी त्यासाठी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळीही वापरत. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या हातात असणाऱ्या 'ब्रेडबोर्ड'चं नाव तिथूनच आलं.

यात फ्रिक्वेन्सी ठरवणारा आणि एरियलला शक्ती देणारा व्हॉल्व्ह एकच असतो. मध्ये दुसरा टप्पा नसतो. म्हणून बाहेर वाऱ्याने एरियलची तार हलली की फ्रिक्वेन्सी हलते आणि ऐकणाऱ्याला सूर डुलताना जाणवतो. की दाबताच व्होल्टेज क्षणभर खाली येतं, त्यातून चिवचिवाट होतो. व्हॉल्व्ह तापत जातो तसा सूर हळूहळू सरकतो. कॉइलजवळ हात नेला तरी फरक पडतो. या सगळ्यावर ताबा ठेवून आपल्या पट्ट्यात राहणं, हेच चालवणाऱ्याचं कसब.

धोका कुठे आहे?

मोबाइलचं सर्किट काही व्होल्टवर चालतं. व्हॉल्व्हच्या लहान ट्रान्समीटरलाही ३०० ते ४०० व्होल्ट डीसी लागतात. फळीवरच्या रचनेत हे व्होल्टेज उघड्या तारांवर आणि कॉइलवर असू शकतं. काही जुन्या जोडण्यांमध्ये तर खुद्द मोर्स कीच्या धातूवर ते येतं. एवढा झटका जीव घेऊ शकतो.

स्विच बंद केला म्हणजे धोका टळला, असंही नाही. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर नंतरही भारित राहतात. म्हणून त्यांच्यावर 'ब्लीडर' रेझिस्टर जोडतात. तो साठलेला भार हळूहळू उतरवतो. तरीही हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज तपासायचंच. चालू यंत्राची तपासणी करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जाणार नाही, हा हॅम मंडळींचा जुना नियम आहे.

जुना सेट विकत घेतल्यावर 'बघू चालतो का' म्हणून थेट प्लग लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. अनेक दशकं पडून राहिलेले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून खराब झालेले असतात. ते शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण. आधी कपॅसिटर बदलायचे, वायरिंग तपासायचं, मगच वीज द्यायची.

भारतात काय?

भारतात घरी सेट बांधणं ही बराच काळ हौसेपेक्षा गरज होती. तयार विदेशी यंत्रं आयात शुल्कामुळे परवडत नसत. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातले मोडीत निघालेले लष्करी सेट आणि सुटे भाग जोडून अनेकांनी आपली केंद्रं उभी केली. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते. त्यांची ओळखखूण होती 'व्हीयू२आरजी'.

आजही ट्रान्समीटर चालवायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. यंत्र शंभर वर्षं जुन्या रचनेचं असलं तरी यातून सूट नाही. फक्त ऐकण्यापासून सुरुवात करायची असेल, तर बॅटरीवर चालणारा कमी व्होल्टेजचा रिसीव्हर आधी बांधणं सोयीचं. कॉइल गुंडाळणं, सोल्डर करणं आणि लहर शोधणं त्यातच शिकता येतं. ४०० व्होल्टची फळी त्यानंतर, आणि शक्यतो एखाद्या अनुभवी हॅमच्या शेजारी बसून.