पिसानेल्लोची स्मृतिपदके

इटालियन चित्रकार पिसानेल्लो (मृत्यू सु. 1455) याने घडविलेली ओतीव पदके. 1438 मध्ये धर्मपरिषदेसाठी फेरारा येथे आलेला बायझंटिन सम्राट आठवा जॉन याचे पदक प्रबोधनकालीन पदककलेचा आरंभ मानले जाते. त्याच्या दर्शनी बाजूस उंच, टोकदार टोपीतील सम्राटाची पार्श्वाकृती, तर मागे वाटेवरच्या क्रूसापुढे थांबलेला घोडेस्वार आहे. नाण्यासारखा ठसा न मारता, मेणातील नमुन्यावरून साचा करून धातू ओतल्याने उठाव मृदू राहिला. पिसानेल्लोची खरी प्रतिभा मागील बाजूंत दिसते. गोंझागा घराण्यातील चेचिलिया हिच्या पदकावर (1447) चंद्रकोरीखाली बसलेली तरुणी व तिच्याजवळ विसावलेला एकशिंगी प्राणी तळहाताएवढ्या वर्तुळात अथांग शांतता उभी करतात. पदकांवरील स्वाक्षरीत मात्र तो स्वतःला चित्रकारच म्हणवतो.