‘समघटक’ ही संज्ञा आणि दोन ब्यूटेने

कार्बनाचे चार आणि हायड्रोजनाचे दहा अणू एवढेच सांगितले, तर कोणता पदार्थ अभिप्रेत आहे हे निश्चित होत नाही. या एकाच रेणुसूत्राचे दोन वायू आहेत. ब्यूटेनात चारही कार्बन अणू एका सलग साखळीत असतात. आयसोब्यूटेनात मधल्या एका कार्बनाला उरलेले तीन जोडलेले असतात. पहिला −०.५ अंश सेल्सियसला उकळतो, दुसरा −११.७ अंशांना. हा भेद परिभाषेत कसकसा उतरला, हे पाहण्यासारखे आहे.

स्वीडिश रसायनज्ञ बर्झीलियस याने १८३० च्या सुमारास ‘सम’ आणि ‘भाग’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘आयसोमर’ ही संज्ञा बनविली. मराठी ‘समघटक’ हा तिचाच शब्दशः अनुवाद होय. तीत घटकांचे साम्य सांगितले आहे. भेदाचे कारण नाही.

केवळ घटकांवर विसंबणे किती अपुरे होते, हे लवकरच दिसून आले. १८४९ मध्ये फ्रँकलंड याने एथिल आयोडाइडावर जस्ताची क्रिया करून एक वायू मिळविला व तो सुटा ‘एथिल’ मूलक मानला. वस्तुतः दोन एथिल गट जुळून ब्यूटेन झाले होते; परंतु कार्बन-हायड्रोजनाचे प्रमाण दोहोंत एकच असल्याने पृथक्करणावरून ते कळणे शक्य नव्हते.

कझान येथील बुटलेरोव्ह याने १८६१ मध्ये ‘रासायनिक संरचने’ची कल्पना मांडली. अणूंची मांडणी मनुष्यास कळणार नाही, असे मानणारा कोल्बे याच्यासारखा विरोधक त्या काळी होता. बुटलेरोव्हने १८६४ मध्ये दुसऱ्या ब्यूटेनाचे भाकीत केले आणि १८६६ मध्ये ते तयार केले. संरचनेच्या पक्षाला यामुळे मोठे बळ मिळाले.

१८९२ च्या जिनीव्हा परिषदेने सर्वांत लांब साखळीवरून नाव देण्याचे तत्त्व स्वीकारले. ‘आयसोब्यूटेन’ हे नाव केवळ ब्यूटेनाशी असलेले साम्य सुचविते. ‘मेथिलप्रोपेन’ हे नाव जोडणी सांगते.

व्यवहारालाही भेद हवाच असतो. ब्यूटेन लायटरमध्ये व प्रोपेनासह स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये वापरतात. आयसोब्यूटेनापासून उच्च ऑक्टेनचे इंधनघटक बनतात, आणि ओझोनला अपाय करीत नसल्यामुळे ते घरगुती फ्रीजमध्ये शीतकारक म्हणून रूढ झाले आहे. मात्र बाजारात जुनेच नाव चालते.

परिभाषा घडविताना मूळ शब्दाचे अवयव तेवढे भाषांतरित केले, तर त्या शब्दाच्या जन्मकाळचे अपुरेपणही आपल्या भाषेत येते. ‘समघटक’ शिकविताना म्हणूनच ‘भिन्न संरचना’ हे शब्द सोबत उच्चारले पाहिजेत.