व्यत्ययरोधक कपॅसिटर

घरगुती उपकरणात निर्माण होणारा उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट वीजतारांवाटे बाहेर पसरू नये म्हणून बसवलेले धारित्र म्हणजे व्यत्ययरोधक कपॅसिटर. मिक्सर सुरू होताच मध्यम लहरींच्या रेडिओवर येणारी खरखर ही या गोंगाटाची ओळखीची खूण. मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश फिरत्या कॉम्युटेटरवर घासतात, पट्टीपट्टीला बारीक ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी निर्माण करते. हा उपद्रव जुना आहे. त्याच्या मोजमापासाठी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्येच स्थापन झाली.

वारंवारता वाढते तसा कपॅसिटरचा विरोध घटतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्‌झच्या विजेला सुमारे ३२,००० ओहम विरोध करतो, तर १० लाख हर्ट्‌झच्या गोंगाटाला जेमतेम दीड ओहम. त्यामुळे मोटर चालवणारी वीज आपल्या वाटेने जाते आणि गोंगाटाला उपकरणातच परतीचा जवळचा मार्ग मिळतो.

हे कपॅसिटर एक्स आणि वाय अशा दोन वर्गांत मोडतात. कपॅसिटर निकामी झाला तर माणसाचे काय होईल, हा या विभागणीमागचा खरा प्रश्न आहे. एक्स वर्गाचा कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असतो. तो शॉर्ट झाल्यास फ्यूज उडतो. धोका असतो तो आगीचा. म्हणून त्यात धातूचा मुलामा दिलेली पॉलिप्रोपिलीनची फिल्म वापरतात. कमकुवत जागी ठिणगी पडली की भोवतालचा मुलामा उडून जातो आणि दोष आपोआप तुटतो, मात्र दर वेळी धारिता किंचित घटते. प्लग काढल्यावर पिनांवर भार उरू नये यासाठी त्याला समांतर रोधक जोडलेला असतो.

वाय वर्गाचा कपॅसिटर फेज किंवा न्यूट्रलपासून उपकरणाच्या धातूच्या बॉडीला जोडतात. तो शॉर्ट झाला तर बॉडीतच वीज उतरेल, म्हणून त्याच्या चाचण्या कडक असतात: वाय-२ प्रकाराला ५,००० व्होल्टचे, तर वाय-१ ला ८,००० व्होल्टचे आवेग सोसावे लागतात. त्याची धारिताही मुद्दाम लहान ठेवतात. ४.७ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्टला सुमारे ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह झिरपतो आणि तो अर्थिंगच्या तारेतून निघून जातो. अर्थिंग नसेल तर मात्र हाताला झिणझिण्या येतात, टेस्टरचा दिवाही लागतो. अशा वेळी प्रथम अर्थिंग तपासावे, मग इन्सुलेशन.

दुरुस्तीच्या दुकानांत व्यत्ययरोधक कपॅसिटरला सर्रास ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि तोच शब्द पंख्याच्या कपॅसिटरलाही वापरतात. पंख्यातला कपॅसिटर मोटर फिरवण्यासाठी असतो. तो येथे चालत नाही. वायच्या जागी एक्स किंवा साधा कपॅसिटर बसवणे जिवावर बेतू शकते. बदलताना वर्ग, धारिता आणि व्होल्टेज ही तिन्ही आवरणावर वाचून जुळवावी लागतात.