विमानतळावरील हवामान-निरीक्षणे

हवामानाचा अंदाज आणि विमानतळावरील हवामान-निरीक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. उड्डाणाचा मार्ग आणि सोबत घ्यावयाचे इंधन अंदाजावरून ठरते. विमान उतरवावे की नाही, हा निर्णय मात्र धावपट्टीलगत त्या वेळी झालेल्या मोजमापांवर अवलंबून असतो.

भारतात ही जबाबदारी भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे आहे. वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यमानता, ढगांच्या तळाची उंची, तापमान, दवबिंदू आणि वायुदाब यांच्या नोंदी मोठ्या विमानतळांवरून दर अर्ध्या तासाने 'मेटार' या सांकेतिक संदेशाद्वारे प्रसारित होतात. दरम्यान हवामानात लक्षणीय बदल झाल्यास विशेष संदेश दिला जातो.

यातील प्रत्येक आकड्याला व्यावहारिक अर्थ असतो. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यात उतरवतात, कारण त्यामुळे जमिनीसापेक्ष वेग कमी राहतो आणि थांबण्यास कमी अंतर लागते. विमानातील उंचीमापक प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो; म्हणून दाबाचा आकडा १० हेक्टोपास्कलने चुकला, तर उंची सुमारे २७० फुटांनी चुकते. तापलेली हवा विरळ असल्याने उन्हाळ्यातील दुपारी उड्डाणासाठी धावपट्टीवर अधिक अंतर कापावे लागते किंवा विमानातील भार कमी करावा लागतो.

धुक्यात धावपट्टीलगतची उपकरणे प्रकाशाच्या विकिरणावरून दृश्यपल्ला मोजतात. बंगळूरुच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने यासाठी 'दृष्टी' हे उपकरण विकसित केले आहे. दिल्लीत सुसज्ज विमान आणि खास प्रशिक्षित वैमानिक असल्यास हा पल्ला ५० मीटर असतानाही विमान उतरू शकते.

परंतु मोजमाप योग्य जागी आणि वेळेत झाले नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उतरणारे डेल्टा कंपनीचे विमान धावपट्टीच्या अलीकडे गडगडाटी ढगाखाली सापडले. ढगातून वेगाने खाली येऊन जमिनीलगत चहूकडे पसरणाऱ्या वाऱ्यामुळे त्याला आधी समोरून, नंतर वरून आणि शेवटी पाठीमागून झोत लागला. विमान कोसळून १३७ जणांचा मृत्यू झाला. विमानतळावर वायुवेगमापकांची इशारा-यंत्रणा होती. पण हा झोत तिच्या कक्षेबाहेर होता. तिचा इशारा मिळाला तो अपघातानंतर.

या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९८८ मध्ये प्रवासी विमानांत अशा वाऱ्याची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचा नियम केला, तर १९९०च्या दशकात तेथील प्रमुख विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार उभारले गेले. वैमानिकाला धोक्याची सूचना विमान त्यात शिरण्यापूर्वी मिळावी, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे.